मानस

पुस्तकात मानस म्हणजे मन.
चोडणच्या खाजनात मानस म्हणजे
नदी आणि शेत यांच्यामधलं लाकडी दार.
भरती आली की आपोआप मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं.
माणसाचं काम एवढंच:
फळ्या बघायच्या, दोर बघायचा,
रात्री जाळं लावायचं
आणि पाळी कुणाची ते विसरायचं नाही.

त्या वर्षी पाळ्या दोघांच्या.
एक रात्र माझी, एक फोंडूची.

फोंडू बांधावरून शीळ घालत यायचा.
शिळेला धड सूर नव्हता,
पण कोरगुटाचे भारे बांधता बांधता शालन थांबायची,
कान त्या बाजूला करायची.
मी समोरच असायचो, हातात कोयता,
कापायचं विसरून.

खाजन सपाट असतं, हे त्याचं वाईट.
आड व्हायला एक माड नाही.
कोण कुणाकडे बघतं,
पाण्याचा तांब्या आधी कुणाला जातो,
अर्ध्या मैलावरून दिसतं.
तिनं त्याला आधी दिला.
तीन दिवस मोजलं मी, तिन्ही दिवस त्यालाच.
चौथ्या दिवशी मला दिला आधी,
तर वाटलं, त्यानंच सांगितलं असेल.

पौषातल्या पुनवेला देवळासमोर नाटक होतं.
पाळी माझी होती.
मी म्हटलं, "फोंडू, आयज तूं वच. फाल्यां हांव वतां."
तो लगेच हो म्हणाला. असाच होता तो.
म्हणाला, सुंगटं बरी मिळाली तर अर्धी तुझी.
मी थोरल्या भावाचा शर्ट घातला,
केसांना तेल जरा जास्तच.

मधल्या फळीचा दोर कप्पीपाशी झिजला होता.
तीन पदरांतला एकच उरला होता.
दोन दिवसांपूर्वी बोटांनी चाचपला होता मी.
त्याला सांगायचं राहिलं.

राहिलं.
चाळीस वर्षं मी या शब्दापाशी उभा आहे.
शाळेतल्या मास्तरांना विचारायला हवं होतं,
या वाक्यात कर्ता कोण?

शालन बायकांमध्ये तिसऱ्या ओळीत बसली होती.
दोनदा मागे वळून बघितलं तिनं.
मी तिच्या नजरेच्या वाटेतच बसलो होतो,
नजर माझ्या डोक्यावरून गेली.
दुसऱ्या अंकात राजानं तलवार उपसली
आणि कायतानचा पोरगा चिखलाच्या पायांनी
थेट रंगमंचावर चढला.

सगळा गाव बांधावरून धावला.
राजासुद्धा, मुकुटासकट.
खाली उतरलो मी. दुसरं कुणी उतरेना.
राजानं वरून पेट्रोमॅक्स धरली.
ओहोटीनं त्याला जाळ्याच्या तोंडात ओढून नेलं होतं.
त्याच्या हातापाशी काळुंदरं अजून तडफडत होती,
सुंगटंही होती, पुष्कळ.
अर्धी माझी.

मनात मी त्याला कितीतरी वेळा मारला होता.
कधी सापानं, कधी होडी उलटून,
एकदा तर नुसत्या तापानं.
दर वेळी तो सकाळी उठून
शीळ घालत यायचा.
म्हणून तर इतक्यांदा मारता आला.

दहाव्या दिवशी शालन मानशीवर आली.
दोराचा तुटका शेव हातात घेतला,
उन्हाकडे धरून बघितला.
"हो दोर कोणें पळयिल्लो?"
मी म्हटलं, खारं पाणी. दोर टिकत नाही.
हे खरं होतं.
तिनं तो शेव पदरात बांधला आणि गेली.

लग्न तिनं केलं नाही. मीही नाही.
गावाला वाटलं, आज ना उद्या आमचं जमेल.
मला कधीकधी अजून वाटतं,
मग स्वतःचीच किळस येते,
मग पुन्हा वाटतं.

आता दोर नायलॉनचा आहे.
तरी रोज चाचपतो.
शालन अजून कापणीला येते, कमरेत वाकून,
दुपारी तांब्या भरते,
सगळ्यांत आधी मला देते
आणि मी पिऊन संपवेपर्यंत
बघत उभी राहते.